फोटो पुन्हा भिंतीवर लावला आहे

विश्वेश,

बैठकीतला माझा फोटो तू काल उतरवून कपाटात ठेवलास. मी तो पुन्हा भिंतीवर लावला आहे. आता काढू नकोस.

आज रुचीला बघायला पाहुणे येणार. मुलीची आजी लेदरच्या जाकिटात, लाल स्पोर्ट बाइकवर वाकून बसलेली दिसली तर ते काय म्हणतील, याची तुला धास्ती. "आई, तुझं वय काय, आणि हे काय चालवलंयस?" असं तू सगळ्यांसमोर बोललास. तुझे बाबा गेल्यावर तीन वर्षं मी खिडकीत बसून होते, तेव्हा माझं वय कुणाला आठवलं नाही. आता मी बाइकवरून निघाले की नदीकाठच्या बालाजी घाटावरचे पंडितजीसुद्धा गल्लीत बाजूला होतात आणि हसून म्हणतात, "माताजी, सँभलके!"

कांदा चिरून ठेवला आहे, पोहे तू फोडणीला टाक. मी चुनारच्या किल्ल्यापर्यंत जाऊन पाहुण्यांच्या आधी परत येते.

रुचीला घरात शोधू नकोस, ती माझ्याबरोबर आहे. येताना गाडी तीच चालवणार आहे, मी मागे बसेन.

आई