नानांच्या सतरा मेंढ्यांवरचा क्लिअर कोट

हर्सूल, मंगळवार

ती. सुकेशनीताईस,

धाकट्या अंगदचा दंडवत. तुझा गुडघा, तुझ्या मेंढ्या आणि दाजींची तब्येत (याच क्रमानं, पण त्यांना वाचून दाखवू नकोस) बरी असेल असं धरून चालतो. आम्ही ठीक. फोनवरच सांगितलं असतं, पण मी तुझ्याशी बोलायला लागलो की नाना टीव्हीचा आवाज बंद करतात, म्हणून हे पत्र भोंग्याच्या डब्यात घालून पाठवतोय.

बिबट्या आला की वाजणारा भोंगा तू मागितलास, त्याला तीन महिने लागले. भोंगा एका रविवारात झाला होता, बाकीचे दिवस त्याच्या डब्यानं खाल्ले. झालं असं, की तो पत्र्याचा डबा मी पांढरा रंगवून गच्चीवर ठेवला आणि नानांनी दिपालीचा ब्रश घेऊन त्यावर ऑइलपेंटनं एक मेंढी काढली. मग दुसरी. आठवड्यात सतरा झाल्या. पिशोरला कळप विकला तेव्हा होत्या तेवढ्याच, आणि प्रत्येक वेगळी. दोन वर्षं बाल्कनीत बसून नुसत्या गाड्या बघणारा आपला बाप चहा विसरून चित्र काढत होता, ताई. आम्ही दोघं नवराबायको दाराआडून बघायचो.

हे ऊनपावसात टिकावं म्हणून मी पारदर्शक लॅकरचा स्प्रे आणला आणि थेट मारला. (आधी झाकणाच्या आतल्या बाजूला मारून बघावं एवढी अक्कल वाळूजच्या कंपनीत क्वालिटी तपासणाऱ्या माणसाला असावी, असं दिपालीचं मत आहे.) लॅकरमधल्या थिनरनं खालचा ऑइलपेंट उचलला आणि पाच मिनिटांत सगळा कळप सुरकुतला. नानांनी चष्मा वर केला. "आरं, मेंढ्यायला देवी आल्या की!" म्हणाले आणि हसले. मग आत जाऊन पडून राहिले, जेवलेही नाहीत.

डबा घासून पुन्हा पांढरा केला. त्यांनी पुन्हा सतरा काढल्या, पण आता तीन आठवडे लागले. उजवा हात थरथरतो, त्याला डाव्यानं धरून ठेवतात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तिसऱ्यांदा काढायला हात साथ देणार नाही हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

म्हणून या खेपेला मी झाकणाच्या आत निरनिराळे पट्टे मारून पाहिले. फर्निचरचं वॉर्निश गच्चीवरच्या उन्हात पिवळं पडलं. पाण्यात मिसळायचं क्लिअर, म्हणजे बिनरंगी लेप, दिपालीच्या घासणीनं निघालं. शेवटी गॅरेजमधले बद्रीनाथ पेंटर म्हणाले, "गाडीचा क्लिअर मारो, हार्डनर डालके. पण आधी रंग महिनाभर वाळू द्या." त्या क्लिअरच्या पट्ट्यावर पेट्रोल ओतलं, घासणी चालवली, तो ढिम्म हलला नाही. महिनाभर डबा कपाटावर जपला. मग बद्रीनाथनी मास्क लावून गच्चीवर दोन हात मारले. काचेसारखा थर आला. मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो, तीच चूक झाली. आपल्याकडं नवी वस्तू झाली की भंडारा उधळल्याशिवाय वापरतात का? वर आलो तर नानांचा येळकोट म्हणून झाला होता आणि ओल्या क्लिअरवर मूठभर हळद बसली होती.

ती आता पेट्रोलनंही निघत नाही. सतराही मेंढ्या जेजुरीहून आल्यासारख्या पिवळ्या दिसतात. बद्रीनाथ म्हणतात, हळद उन्हानं उडेल. नाना म्हणतात, "देवाची हाय, उडत नाय." मला तरी डबा आता पहिल्यापेक्षा आवडतो.

दाजींना नमस्कार, पोरांचे गाल ओढ.

तुझा,
अंगद

ता. क. भोंगा मांजर गेलं तरी वाजतो. बिघडलेला नाही, तसाच आहे.

आणखी एक ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. नानांना तुझ्याकडं ठेवून घे. हात चालतोय तोवर त्यांनी खऱ्या मेंढ्यांत बसावं असं मला वाटतं. ते गेल्यावर मला इथं करमायचं नाही, तरीही वाटतं. मी विषय काढला की म्हणतात, "लेकीच्या घरी राहत नसतेत." तू बोलावलंस तर मुळीच यायचे नाहीत, म्हणून बोलावू नकोस. फोन कर आणि एवढंच म्हण, "नाना, तिसऱ्या मेंढीचा कान चुकलाय." आणि लगेच ठेवून दे. मिळेल त्या एसटीनं भांडायला येतील. कपड्यांची पिशवी मी भरून ठेवली आहे.