वाटणी झाली ती मशीनची

सातारा,
फेब्रुवारी १९९८

चि. सौ. उमास,

पाणी भरून झालं होतं, कणीक मळून झाकली होती, आणि मी दारात तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा तुझे यजमान हातात मोजायची टेप घेऊन रिक्षातून उतरले. (आशीर्वाद लिहायचे राहिले. अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धर, भाऊजींच्या भरवशावर राहू नकोस.) घरी येऊन त्यांनी काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून घडलं तसं लिहिते.

ह्यांचा जुना कॉम्प्युटर तुला माहीत आहे. आमच्या मयूरीला नोकरीसाठी लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवायची नवी सिस्टीम शिकायची आहे. दुकानदाराने मशीन बघितलं आणि म्हणाला, काकू, ह्याच्यावर आता नवीन काही चालायचं नाही, भंगारात घाला. मयूरी म्हणाली, चालवून दाखवते, पण जुनं सगळं पुसावं लागेल. मी म्हटलं, पुसायचं नाही. कारण सांगितलं नाही, तिला ठाऊक आहे. चहाला उशीर झाला की हे हाका मारायचे आणि मी चिडायचे. मग ह्यांनी युक्ती केली. मशीन सुरू झालं की पहिली ओळ यायची, 'चहा झाला का?' (रोमन अक्षरांत, त्या मशीनला मराठी येत नाही.) पडदा स्वयंपाकघराकडे वळवून हे गप्प बसून राहायचे. हे गेल्यापासून मी रोज सकाळी उठल्या उठल्या मशीन लावते. ओळ येते. "नाही हो, अजून," म्हणते आणि मग आधण ठेवते.

तर मयूरी खिडकीत उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मग वाटणी करू आई! अर्धं जुन्याला, अर्धं नव्याला!" खिडकीखाली शेजारच्या शालूबाई भांडी घासत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडे सांगलीला आल्या, आणि तुमच्या दारात उभ्या राहून भाऊजींना काय म्हणाल्या ते तू ऐकलंच आहेस. "आवं नाथाजी, तुमच्या वहिनी वाटणी करत्यात न्हवं!" अर्धं घेणारा हा नवा कोण, हे विचारायचं मात्र त्यांना किंवा भाऊजींना सुचलं नाही.

भाऊजी आत आले आणि नेमकी त्याच वेळी मयूरी म्हणाली, "आता कापू का?"

"मला न विचारता कापताच कसं?" भाऊजी.

"काका, जुन्याला चाळीस, नव्याला साठ."

"थोरल्याला कमी? आणि चाळीस काय, फूट?"

मी हसू दाबायला तांदळात तोंड घातलं. वाटणी घराची नाही, मशीनच्या आतल्या जागेची, हे समजल्यावर टेप फडताळावर गेली, पण भाऊजी उठले नाहीत. मयूरी एकामागून एक फ्लॉप्या घालत राहिली. (एक पापडाच्या डब्यात सापडली, ती मीच ठेवली होती.) शेवटी मशीन बंद करून लावलं. काळा पडदा, आणि तुम्ही कोण, असा प्रश्न. भाऊजी म्हणाले, "आपल्याच घरात येऊन आपल्यालाच विचारतंय!" मयूरीने टाळी वाजवली. मी बघत राहिले. ह्यांची ओळ आली नव्हती.

माझं तोंड बघून तिने मशीन पुन्हा लावलं. "आई, आता आधी नवं उठतं. जुन्याला नावाने हाक मारावी लागते." तिने एक शब्द दाबला. मशीन घरघरलं, आणि ओळ आली.

भाऊजींना ती माहीत नव्हती. त्यांनी चष्मा लावून वाचली, आणि म्हणाले, "होतोय, दादा. वहिनी ठेवतायत." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

सर्वांना आशीर्वाद.

तुझी थोरली जाऊ,
आक्काताई

ता. क. भाऊजींचं चष्म्याचं मी लिहिलं, हे त्यांना सांगू नकोस.

आणखी एक. टेप इथेच राहिली आहे. पोस्टाने पाठवता येईल, पण पाठवणार नाही. न्यायला दोघं या, आणि सकाळीच पोहोचा. पत्र खरं ह्यासाठीच लिहिलं.

जुन्याला हाक मारायचा शब्द मी पाठ केला. दुसऱ्या दिवशी मी आधी चहा केला, मग मशीन लावलं.