दारूमुक्तीचा आठ बाय दहा फ्लेक्स

३ एप्रिल २०१६, रविवार. उदगीर.
सिंधु माहेरी गेली, लातूरकडच्या मुरुडला. जाताना बजावलं, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणं कुठंतरी, ती शोधा. महिनाभर थेंब घेतला न्हाई तर अक्षय तृतीयेला न्यायला या, न्हाईतर येऊच नका. आता पिणारा वेगळा आणि दारुडा वेगळा, हे बायकांना कोण सांगणार! तरी तिच्या समाधानासाठी शोधतो. पाडव्यापासून बंद म्हणजे बंद. आज शेवटची.

८ एप्रिल, पाडवा.
बंद. संध्याकाळी सातला थोडी घेतली. टँकरच्या रांगेत तीन तास उभा राहिलो तेव्हा दोन घागरी मिळाल्या. असलं पाणी दारूत घालवायचं? कोरीच मारली. दुष्काळात माणसानं जबाबदारीनं वागावं.

९ एप्रिल.
मीटिंग लातूरला असते म्हणे. पण लातूरचे अर्धे पुढारी माझं गिऱ्हाईक. 'मल्लिकार्जुन डिजिटल'चा मालक दारुड्यांत बसला, ही बातमी मी छापलेल्या फ्लेक्सच्या आधी गावभर होईल. नांदेडलाही असते, तेच बरं. नंबर मेडिकलवाल्यानं दिला, हळू आवाजात, जसं काही मलाच गरज हाय. मूर्ख. त्याच्या बोलण्याची कडू चव घालवायला घरी येऊन दोन घेतल्या.

१० एप्रिल, रविवार. नांदेड.
काय ती संस्था! स्टेज न्हाई, माइक न्हाई, बॅनर न्हाई. शाळेच्या खोलीत अकरा माणसं आणि एक किटली. अध्यक्ष कोण म्हणून विचारलं. सटवाजी नावाचा रिटायर एस. टी. ड्रायव्हर म्हणाला, अध्यक्ष नसतो. बरं, सत्कार? तोही नसतो. नरसिंग सर म्हणून एक मास्तर हाय, सोडून सहा वर्षं झाली, अन् आजवर एक शाल न्हाई की नारळ न्हाई! वर मलाच म्हणतात, खुर्च्या मांडू लागा.
एकेकानं उठून नाव सांगायचं आणि पुढं म्हणायचं, मी दारुडा हाय. लई विनोदी प्रकार. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, मल्लिकार्जुन, फ्लेक्सचा धंदा, समाजसेवेची आवड. कुणी हसलं न्हाई, मान डोलावली. इथलं इथंच ठेवायचं, बाहेर कुणाचं नाव काढायचं न्हाई, असं सटवाजीनं तीनदा सांगितलं. कोण विचारतंय ह्यांना! चहाच्या वेळी हळूच सगळ्यांचे फोटो काढून घेतले. असू द्यावेत.
परतीच्या गाडीला उशीर. उदगीरला उतरलो तर दारूचं दुकान बंद.

१४ एप्रिल.
जयंतीचे बत्तीस फ्लेक्स. इंकच्या वासानं डोकं धरलं, म्हणून घेतली. औषध मोजत न्हाईत.

१७ एप्रिल, रविवार.
मीटिंगला गेलो न्हाई. हुशार माणसाला एकदा ऐकलं की पुरतं.
खरी गोष्ट वेगळीच हाय. १ मेला उदगीर जिल्हा जाहीर होणार, खबर पक्की. जिल्हा झाला की दारूमुक्तीला जिल्हाध्यक्ष लागणार. नांदेडच्या किटलीवाल्यांना जे सुचलं न्हाई ते मला सुचलं. लेटरपॅड छापून टाकलं. त्या आनंदात एक क्वार्टर.

१ मे.
जिल्हा झाला न्हाई. ह्या सरकारला मराठवाडा दिसतच न्हाई. दुखवट्याची घेतली.

५ मे.
सिंधुला आणायच्या आधी हवा करावी लागते. आठ बाय दहाचा फ्लेक्स मारला. मी, पांढरा शर्ट, गॉगल. 'दारूमुक्तीचे १०० दिवस! भावी जिल्हाध्यक्षांचे हार्दिक अभिनंदन!' पाडव्यापासून धरले तर अठ्ठावीसच भरतात, पण अठ्ठावीस आकडा फ्लेक्सवर उठून दिसत न्हाई. आणि शुभेच्छुकांबिगर फ्लेक्स म्हणजे मिठाबिगर वरण. अकराही जणांचे फोटो टाकले, नावासकट. फुकटात. मुरुडला सासऱ्याच्या दारासमोर बांधून आलो. काम फत्ते, म्हणून थोडी.

७ मे.
सटवाजीचा फोन. नरसिंग सरांच्या पोरीची सोयरीक मुरुडला जमत आली होती, फ्लेक्स बघून पाहुण्यांनी दम धरा म्हणून निरोप पाठवला म्हणे. आता ह्यात माझा काय दोष? सहा वर्षांपूर्वी सोडली तर लाज कसली? सटवाजी ओरडला न्हाई, तेच वाईट. ओरडला असता तर दोन शब्द सुनावता आले असते. बसून राहिलो. मग घेतली.

९ मे, अक्षय तृतीया. मुरुड.
धीर यावा म्हणून थोडी घेऊन निघालो. वर चार वेलच्या चावल्या.
फ्लेक्स जागेवर न्हाई. तो सासऱ्याच्या हौदावर! टँकरच्या पाण्यात धूळ जाऊ नये म्हणून झाकलाय, चारी कोपऱ्यांना दगड, माझं तोंड वर. सासू केवळाबाई म्हणाल्या, जावईबापू, तुमची एवढी एकच वस्तू कामाला आली.
सिंधुनं पेला दिला. तोंड फिरवून प्यायला गेलो, निम्मं पाणी अंगणात. तिनं वास घेतला, वेलचीचा आणि दुसराही. दिवस किती झाले ते विचारलंच न्हाई. म्हणाली, काल नरसिंग सर आले होते. मला वाटलं भांडायला. तर स्वतः वर चढून फ्लेक्स सोडला, घडी घालून दिला, आणि निरोप ठेवला की रविवारी सहाला खुर्च्या मांडायला माणूस कमी पडतो, त्यांना पाठवा.
घरी येतीस का, म्हणून विचारलं. तिनं फ्लेक्सचा कोपरा उचलला, घागर भरली, परत झाकलं, दगड ठेवला.

रात्री, उदगीर.
फ्लेक्सवर शंभर लिहिले होते. आज ह्याच वहीची पानं उलटून खरे मोजले, कोऱ्या पानांच्या दिवशीही घेतलेलीच होती. एक निघाला. १० एप्रिल. त्या दिवशी दुकान बंद होतं.