शेवटच्या इंजिनाबाबत स्पष्ट लेखी नकार मिळावा म्हणून

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
डिझेल मालवाहू इंजिने,
इंजिन शेड, मालधक्क्यामागे.

विषय : नव्या तुकडीतील विसावे इंजिन रुळांवर चालवून दाखवणे, ते शक्य नसल्यास तसे स्पष्ट ‘नाही’ लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांवर आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवते की, अर्जदार ही न्यायालयाच्या फाटकाबाहेर टंकलेखन यंत्र मांडून बसते व लोकांना अर्ज लिहून देते. जमीन, वारसा, पाण्याची जोडणी, बदली, जामीन, काय म्हणाल ते. आजवर माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाने होकार मागितला आहे. नकार मागणारा अर्ज मी प्रथमच टाइप करत आहे आणि तोही स्वतःसाठी, त्यामुळे मसुद्यात काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

१. माझे पती चष्म्याचे दुकान चालवतात. त्यांना इंजिनांचा नाद आहे. तो लग्नाआधीपासून होता व ही गोष्ट माझ्यापासून लपवण्यात आली होती, असे येथे नमूद करते. त्यांच्यासोबत एक बेकरीवाले व एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. तिघे रुळांच्या कडेला उभे राहतात, इंजिन आले की बघतात आणि गेले की त्यावर बोलत बसतात. माझ्या मते सगळी इंजिने सारखी. आवाज करतात, धूर सोडतात आणि वाळत घातलेले कपडे काळे करतात. एक सवत असती तर मी निभावून नेली असती, पण इथे दर काही वर्षांनी नवी तुकडी येते.

२. सध्याच्या तुकडीत वीस इंजिने आहेत, हे आपण जाणताच. ती जहाजाने आली तेव्हा हे तिघे सकाळपासून बंदराच्या भिंतीवर बसून होते. मीही होते, कारण घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास उचलायला कोणीतरी लागते. क्रेनने पहिले इंजिन जहाजातून वर उचलले, ते हवेत जरासे फिरले, आणि एरवी एकमेकांना बोलू न देणारी ही तीन माणसे एकाच वेळी उठून उभी राहिली. बेकरीवाल्यांनी डोक्यावरची टोपी काढली. माझ्या नवऱ्याने माझा हात धरला. ह्यांनी चारचौघांत माझा हात धरण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, म्हणून तारीख विसरले तरी तो दिवस माझ्या लक्षात आहे.

३. त्यांच्या मंडळाचे तीन नियम आहेत. आपल्या कार्यालयाच्या नियमांइतकेच ते कडक असल्याने थोडक्यात देते.

(अ) इंजिन स्वतःच्या जोरावर, माल ओढत जाताना दिसले तरच ‘पाहिले’ असे धरायचे. उभे असलेले किंवा दुसऱ्या इंजिनाने ओढत नेलेले चालत नाही.

(ब) स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. फोटो नको, दुसऱ्याचा शब्द नको.

(क) एखादे इंजिन सेवेत येणार नाही असे खात्याने लेखी कळवले, तर ते तुकडीतून वजा करायचे आणि उरलेली तुकडी पूर्ण झाली असे समजायचे. हा नियम मास्तरांनी मागे एकदा घातला. त्या वेळच्या तुकडीतले एक इंजिन उतरवताना पडून वाकले होते आणि ती तुकडी कधीच पूर्ण होणार नाही म्हणून बेकरीवाल्यांनी जेवण सोडले होते.

माझा आजचा अर्ज नियम (क) वर उभा आहे.

४. माझ्या पतींनी एकोणीस इंजिने पाहिली आहेत. विसावे आपल्या यार्डाच्या टोकाला ताडपत्रीखाली उभे आहे. त्याच्या छतावर पाखरांनी घरटे केले आहे आणि खाली एक कुत्रे झोपते. ते चालवावे, असा पहिला अर्ज मी केला. आपले उत्तर आले की, इंजिन सुस्थितीत आहे, परंतु ते चालवण्याचे प्रयोजन नाही; तरी बाब विचाराधीन आहे. प्रयोजन हवे म्हणून बेकरीवाल्यांनी स्वतःच्या हिमतीवर एक वॅगन मैदा मागवला व तसा मी दुसरा अर्ज केला. उत्तर आले की, प्रयोजन आहे, परंतु इंजिन सुस्थितीत नाही, एक सुटा भाग यावयाचा आहे. बाब विचाराधीन आहे. मैदा सातव्या इंजिनाने आला. ते ह्यांनी आधीच पाहिलेले होते, आणि बेकरीत आता पाय ठेवायला जागा नाही. इंजिन सुस्थितीत आहे की नाही, एवढेच तिसऱ्या अर्जात विचारले, तर पहिल्या दोन उत्तरांत विसंगती आढळल्याने ती उत्तरेच विचाराधीन आहेत असे मला कळवण्यात आले.

त्यावर मी आपल्या खिडकीवरच्या कारकुनांना म्हटले, चालवता येत नसेल तर नाही म्हणून लिहून द्या, मी जाते. ते म्हणाले, “बाई, हो म्हणायला साहेब लागतात आणि नाही म्हणायला साहेबांचे साहेब लागतात. विचाराधीन मात्र मीसुद्धा लिहू शकतो.” माणूस भला आहे. त्यांनी मला बसायला स्टूल दिले आणि पाणी आणून दिले, तेव्हा त्यांच्यावर कारवाई होऊ नये.

५. आता मूळ मुद्दा. माझ्या पतींच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. शस्त्रक्रिया लागेल हे काही महिन्यांपूर्वी कळले, तेव्हापासून हे ‘आधी विसावं’ म्हणतात आणि ते तीन अर्ज त्यासाठीच होते. आता डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “ह्याच आठवड्यात करू या. पुढच्या आठवड्याचं मी तुम्हाला काही सांगू शकत नाही.” संमतिपत्र पुढे ठेवले तेव्हा ह्यांनी पेन हातात घेतले, खाली ठेवले आणि वॉर्डाच्या खिडकीतून रूळ दिसतात का, असे विचारले. नर्स म्हणाली, खिडकी कपडे धुण्याच्या खोलीकडे उघडते. त्यावर हे उठले. म्हणाले, “विसावं पाहून येतो, मग काय ते कापा.” तेव्हापासून ते आमच्या गच्चीत खुर्ची टाकून बसले आहेत. तेलाच्या गोदामापलीकडे रूळ वळतात तेवढा तुकडा तिथून दिसतो.

हल्ली जिना चढताना ते प्रत्येक वळणावर बसतात आणि बुटाची नाडी सुटल्याचे सोंग करतात. त्यांच्या बुटांना नाडी नाही. बोलता बोलता त्यांना दम लागतो आणि वाक्य मी पूर्ण करते. पूर्वी मी असे मध्ये तोंड घातले की ते चिडायचे. आता चिडत नाहीत, आणि माझा जीव त्यानेच जास्त घाबरतो.

६. अर्जदाराने इतर सर्व उपाय करून पाहिले आहेत, याची नोंद व्हावी. मुलीला फोन केला. ती दूर असते. ती म्हणाली, “आई, बाबांना सरळ उचल आणि घेऊन जा.” उचलता आले असते तर अर्ज कशाला केले असते? मी मास्तरांना गळ घातली की, विसावे धावताना पाहिले असे ह्यांना खोटेच सांगा. मास्तर नियम (ब) वर बोट ठेवून रडवेले झाले. मग बेकरीत मैद्याच्या पोत्यांवर बसून मंडळाची तातडीची सभा झाली. नियम (अ) या एका इंजिनापुरता शिथिल करावा, असा ठराव मीच टाइप करून दिला होता. दोघांनी बाजूने हात वर केले. विरोधात एकच मत पडले, ते माझ्या पतींचे. नियम बदलायला तिघांचे एकमत लागते.

शेवटी परवा मी त्यांना टॅक्सीत घालून रेल्वेच्या फाटकापर्यंत नेले आणि बारावे इंजिन जात असताना, बघा, हेच विसावे, रंग नवा असल्याने आकडा नीट दिसत नाही, असे म्हटले. ह्यांनी ते गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत पाहिले. मग म्हणाले, “हे बारावं. ह्याचा डावा दिवा जरा खाली बसवलाय.” थोड्या वेळाने म्हणाले, “तू एवढ्या उन्हात कशाला आलीस.” ह्या प्रकाराची मला लाज वाटते, तरी आणखी उन्नीसबीस फरकाचे इंजिन असते तर मी पुन्हा केला असता.

७. महोदय, नवऱ्याचे सोंग मला कळत नाही असे आपणास वाटू नये. ते घाबरले आहेत. त्यांचे वडील दवाखान्यात अशाच एका खाटेवरून आत गेले आणि परत आले नाहीत. हे त्या वेळी बाहेर उभे होते. ही गोष्ट ते कधी बोलत नाहीत. मला सासूबाईंनी सांगितली. मला भीती वाटते, एवढे तीन शब्द ह्यांच्या तोंडून निघणार नाहीत, म्हणून ते इंजिन पाहायचे राहिले आहे म्हणतात. आणि त्यांनी तसे म्हटले की आपले कार्यालय त्यांना विचाराधीन अशी चिठ्ठी पाठवते. आपले प्रत्येक उत्तर ते दोनदा वाचतात, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवतात आणि मला सांगतात, “बघ, नाही म्हटलेलं नाही त्यांनी.” माझ्या नवऱ्याची भीती आणि आपले कार्यालय यांनी भागीदारीत धंदा उघडल्यासारखे झाले आहे आणि त्यात बुडणार मी आहे.

त्यांनी खरोखर पाहावे, अशी माझी इच्छा अजूनही आहे. खोटे कशाला लिहू? एका फेरीसाठी ते इंजिन धावले, तर मी स्वतः जाऊन त्यावरचे घरटे अलगद उतरवून ठेवीन. पण सुटा भाग ह्या आठवड्यात येणार नाही, असे कारकुनांनी मला खासगीत सांगितले आहे. म्हणून होकाराची मागणी मी या अर्जाद्वारे मागे घेते. मला नकार द्यावा. इंजिन सेवेत येणार नाही, एवढी एक ओळ, सही आणि शिक्का. तो कागद ह्यांच्या हातात पडला की नियम (क) लागू होतो, तुकडी एकोणीसची होते, एकोणीसही पाहून झालेली असतात आणि पुढे सांगायला ह्यांच्याकडे काही उरत नाही. ह्यांनी आयुष्यात नियम मोडलेला नाही. ते पेन उचलतील.

आपणास वरिष्ठांच्या परवानगीची अडचण आहे, हे मी समजू शकते. त्यावर माझ्या धंद्यातला तोडगा सुचवते. नकार आज द्यावा आणि पुढे सुटा भाग आल्यावर ‘पूर्वीच्या पत्रातील मजकूर नजरचुकीने गेला’ असे शुद्धिपत्रक काढावे. ते मी विनामूल्य टाइप करून देईन. मग विसावे इंजिन खुशाल रुळांवर आणावे. हे गच्चीतून ते पाहतील, सगळा डाव त्यांच्या लक्षात येईल आणि ते उरलेले सगळे आयुष्य माझ्यावर रागावून बसतील. महोदय, ते उरलेले आयुष्य मिळावे म्हणूनच हा अर्ज आहे.

नकार मला आपल्याकडून हवा आहे. डॉक्टरबाईंकडून तो ऐकण्याची वेळ माझ्यावर आणू नये, ही हात जोडून विनंती.

आपल्या ‘नाही’ची वाट पाहणारी,

(सही)
चष्मेवाल्यांची बायको,
टंकलेखिका, न्यायालयाच्या फाटकाबाहेर.
दिनांक : आजचाच. उद्याचा टाकण्याची सोय नाही.

सोबत :
१) डॉक्टरबाईंची चिठ्ठी.
२) आपली तीन उत्तरे. (चष्म्याच्या डबीतून न विचारता काढली आहेत, काम झाल्यावर परत मिळावीत.)
३) नकाराचा तयार मसुदा, दोन प्रतींत. फक्त सहीची जागा रिकामी आहे.

ता. क. हा अर्ज टपालाने न पाठवता हातोहात देत आहे. आम्ही दोघे आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो आहोत. इंजिन बघायला नेते म्हटल्यावर हे एका शब्दात तयार झाले. टॅक्सी शेडच्या फाटकाशी थांबवली आहे, तिच्या डिकीत दवाखान्याची पिशवी आहे. त्यांना ती दिसलेली नाही. बाकावरून यार्डाचे टोक आणि ताडपत्री दिसते. अर्जात काय मागितलेस, असे ह्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, नेहमीचेच. व्हरांड्यात बरीच माणसे आहेत आणि ह्यांनी माझा हात धरला आहे. कृपया लवकर बोलवावे.