कामरगावचे पॅकिंग

केडगाव,
शुक्रवार

प्रिय भिमाजी,

सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती, तुझ्या गुडघ्यांची प्रकृती आणि पारनेरच्या तुझ्या विहिरीची प्रकृती, या तिन्ही उत्तम असाव्यात अशी आशा करतो. आम्ही उभयता कुशल आहोत, गाडी नाही. हे दूरध्वनीवरून कळवता आले असते, परंतु फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘बरं बरं, ठिवतो’ म्हणतोस, आणि माझा विषय तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतो. म्हणून हे पत्र शेजारच्या रामहरींबरोबर पाठवत आहे. ते उद्या पारनेरला येत आहेत.

प्रसंग गंभीर आहे. सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येणार आहे. रविवार संध्याकाळपर्यंत आपली पद्मिनी गाडी स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर गेली नाही, तर तिला दोरखंड बांधून नेण्यात येईल. (मुदत सौ. सत्यशीलेने दिली आहे, असे तूर्त समज.) दहा दिवसांपूर्वीपर्यंत ती सुरू होत होती, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. परंतु सुरू होताना ती एकदा खोकत असे, आणि यंत्रशास्त्र चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाच्या अंगणात इंजिनाने खोकावे, हे मला प्रशस्त वाटेना. सबब निर्देशपुस्तिका, फीलर गेज, मायक्रोमीटर आणि पांढरा एप्रन घेऊन मी कामास प्रारंभ केला. (एप्रन पांढरा होता. ‘होता’ हे क्रियापद विचारपूर्वक योजले आहे.)

प्रथम पेट्रोल पंप उतरवला. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये तेलाने काळा पडलेला एक जाड कागद आढळला. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता, कडा वाकड्या होत्या, भोके तर कोणी पेन्सिलीने पाडल्यासारखी. असले गावठी काम माझ्या गाडीत इतकी वर्षे लपून राहिले, याची मला मनस्वी लाज वाटली. तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला आणि बाजारातले प्रमाणित, पातळ पॅकिंग बसवले. गाडी सुरू केली, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहू लागले आणि इंजिन गुदमरून बंद पडले. फ्लोटची पातळी जुळवली; पेट्रोल वाहिले. सुई बदलली, वाहिले. मग टॅपेटचे अंतर तपासले. (टॅपेटचा वाहत्या पेट्रोलशी संबंध नसतो, हे मला ठाऊक आहे, परंतु चुकीचे अंतर दिसल्यावर मला पुढे जाता येत नाही.) रामहरी आयुष्यभर एस.टी. चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. ते रोज कुंपणाशी येऊन म्हणत, “सर, लई पाजताय गाडीला. आता जरा चालवा बी की!” अखेर मी त्यांना कार्ब्युरेटरचे तत्त्व मुळापासून समजावून दिले. ते पंधराव्या मिनिटाला दूध तापवायचे राहिले म्हणून निघून गेले.

काल सत्यशीला ओला-सुका कचरा वेगळा करत होती. तो काळा कागद तिने उचलला, पदराने पुसला आणि उन्हात धरला. एका कोपऱ्यात ‘चि. सौ. कां.’ एवढी अक्षरे अजून दिसत होती. “अहो, ही तर आपली पत्रिका! लग्न कचऱ्यात टाकलंत?”

त्या क्षणी मला कामरगाव आठवले. आमच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. पारनेरहून नगरला येताना गाडी तिथेच हीच पेट्रोल वाहण्याची खोड करून बंद पडली, आणि आपण तिघे लिंबाखाली उतरलो. तुझ्या आईने दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा सत्यशीलेने बॉनेटवर मांडला. मी पुस्तिका उघडली. तू म्हणालास, “मास्तर, पुस्तक मिटा. गाडीला वाचता येत न्हाई.” मग सत्यशीलेला, “वैनी, जाड कागूद हाय का? पंपाचा दांडा लई पुढं येतोय, पेट्रोल जादा ढकलतोय. पंप जरा मागं सारतो.” गाडीच्या खणात आमच्या लग्नाच्या पत्रिका पडून होत्या. (मुहूर्तात दोन मिनिटांची चूक सापडल्याने मी सर्व पत्रिका पुन्हा छापून घेतल्या होत्या, जुन्या फेकवल्या नव्हत्या.) तू तिच्या पर्समधल्या कात्रीने पॅकिंग कापलेस. हे तात्पुरतेच ना, असे मी बजावून विचारले. “व्हय व्हय, तात्पुरतं,” तू म्हणालास. भिमाजी, तुझे तात्पुरते काम तीस वर्षांहून अधिक टिकले. माझे कायमस्वरूपी काम फाटकापर्यंतही पोचले नाही.

तिथून नगरपर्यंत तू मागे बसून दर मैलाला “आता ऐका” म्हणत होतास, आणि आम्ही तिघेही बोलणे थांबवून, गाणे ऐकावे तसे इंजिन ऐकत होतो. मला त्या आवाजात दोष सापडला नव्हता. मी तसे बोललो मात्र नाही.

असो. तो कागद काढताना फाटला आहे, आणि तेलाने फुगल्यामुळे त्याचे माप विश्वसनीय नाही. नवा कापावा, तर हल्ली पत्रिका मोबाईलवर येतात. तरी कागदाचे थर किती आणि जाडी किती मिलिमीटर, एवढे दशांशासह लेखी कळवावे. अंदाज कळवू नये.

तुझा,
श्रीमंत

ता. क. : भाऊजी, मी सत्यशीला. पाकीट चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. टेम्पो मी नाही बोलावला, ह्यांनीच बोलावला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलंय, आता गाडी चालवायची नाही. त्याच दिवशी हे म्हणाले, गाडी भिमाजीला देऊ. पण तुम्ही खोट काढाल म्हणून आधी नीट करायला घेतली, आणि बसलीच ती. आता म्हणतात, बंद गाडी भिमाजीला देण्यापेक्षा भंगारात गेलेली बरी. दोन दिवस जेवण धड नाही. कागदपत्रं मी काढून ठेवलीत. या.

ता. क. २ : वरील मजकूर वाचला. ‘दोन दिवस’ नव्हे, दीड. इतर दुरुस्ती नाही. रविवारी सकाळीच ये आणि पॅकिंग तूच काप. मी पुस्तिका आत ठेवतो. गाडी पारनेरला तू चालवत नेशील. मी शेजारी बसून येईन आणि एस.टी.ने परतेन. वाटेत सुप्यापर्यंत एक शब्द बोलणार नाही. त्यापुढची हमी देत नाही.