बॅटरीला कुंकू कोणी लावायचं

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. ह्यांनी पलंग अन् शेगडी बसवून राहण्याजोगी केलेली व्हॅन आता मीच चालवते. रात्री आतला पंखा लावला की सकाळी गाडी सुरूच व्हायची नाही, म्हणून आज मोठी बॅटरी घेतली. वरठीच्या मिस्त्रीनं जुनी काढली, कप्पा थोडा रुंद करून नवी बसवली. मग हात पुसत म्हणाला, "काकू, चाबी फिरवाच्या आधी कुंकू लावाले कोणाले बोलावता?"

"मी उभी आहो ना."

"तसं नाही... सवाशीण पाहिजे."

गाडी मी चालवायची अन् कुंकवाला दुसरी! तरी कटकट नको म्हणून जाऊबाईंना निरोप धाडला. का धाडला? हा बाबा निवांत चहा पीत बसला. शेवटी जाऊबाई धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी आल्या अन् त्याच्यावरच उखडल्या. "एवढ्यासाठी मले बोलावलं? मले तं ह्या गाडीत बसलं का उलटी होते. बाई, तुमची गाडी, तुम्हीच लावा."

मी पुढे केलेला कुंकवाचा करंडा माझ्याच हातात परत देऊन त्या गेल्यासुद्धा. मिस्त्रीनं चहाचा कप खाली ठेवला. हे गेल्यापासून मी कुंकवात बोट घातलं नव्हतं. आज घातलं, बॅटरीला टेकवलं अन् चाबी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

अन् मला त्या माणसासमोर रडू आलं. त्या रडण्याचाच राग अजून जात नाही.