उतारावरचा चेंडू

३ मार्च, मंगळवार

शेवटी विचारलंच. चहाच्या वेळी सासूबाई पेपर वाचत होत्या. म्हटलं, "आई, मला उतारावरचे शॉट शिकवाल?"

पेपर खाली आला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सपाटीवरचे येतात?"

"येतात."

"असं कोण म्हणालं?"

नवऱ्याला एकदम खोकला आला आणि तो कप घेऊन गॅलरीत गेला.

पण हो म्हणाल्या. परवापासून, मी दवाखाना उघडायच्या आधी.

यंदाची महिलांची स्पर्धा मला जिंकायची आहे. लिहून टाकलं, आता माघार नाही. चषक बरीच वर्षं नणंदेच्या घरी आहे. ती चेंडू माझ्यापेक्षा लांब मारते, हे कबूल. पण आमचा गोल्फ कोर्स म्हणजे नुसते चढ-उतार. चांगला मारलेला चेंडूही घरंगळत कुठल्यातरी तिरक्या जागी जाऊन बसतो. तिथून जी नीट मारेल ती जिंकेल. आणि तिथून नीट मारायला मी शिकणार.

५ मार्च, गुरुवार

क्लबच्या मागची टेकडी. सासूबाईंनी घडीची खुर्ची आणली होती, पायथ्याशी मांडून बसल्या. एके काळी हा चषक त्यांचा होता. क्लबच्या व्हरांड्यात फोटो आहे — कंबरेवर हात, चेहरा असा की फोटोग्राफरचंच काहीतरी चुकलंय.

आजचा धडा: चेंडू पायांपेक्षा वर, कुशीत अडकल्यासारखा. मी नेहमीसारखी वाकून मारला. काठी आधी मातीत घुसली. चेंडू जेमतेम हलला.

"जमिनीशी भांडण आहे का तुझं?"

मग समजावलं. चेंडू वर आहे म्हणजे तो तुझ्या जवळ आलाय. ताठ उभी राहा. काठी थोडी खाली धर, आखूड कर. तो डावीकडे पळणार, ते त्याच्या स्वभावात आहे. तू उजवीकडे नेम धर आणि त्याला पळू दे.

पळू दिला. बरोबर निशाणाजवळ थांबला. सासूबाई म्हणाल्या, "हं." त्यांच्या तोंडी हे म्हणजे सत्कार समारंभ.

९ मार्च

मांड्या भरून आल्यात. पेशंटच्या खुर्चीशेजारी वाकले की जीव जातो. पेशंटला वाटतं, डॉक्टरीणबाईंनाच दाढदुखी आहे.

१४ मार्च, शनिवार

चढावरचा चेंडू जमला. खांदे उताराला समांतर ठेवायचे, एवढीच मेख आहे. चेंडू उंच उडतो आणि अलीकडेच पडतो, म्हणून लांब पल्ल्याची काठी घ्यायची. आज माझ्यापेक्षा माझी सावली जास्त सरळ होती असं सासूबाई म्हणाल्या. पण टोमण्यातला जोर कमी झालाय, माझ्या लक्षात आलंय.

घरीसुद्धा सुटका नाही. जिन्यात एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, आणि तसं उभं राहून दात घासायचे. तोल पायांना कळला पाहिजे, डोक्याला नाही. नवरा रोज अंग चोरून शेजारून खाली उतरतो. म्हणतो, "मी सपाट जमिनीवर राहणारा माणूस. कुणाकडेही कललेला नाही." बायको एकीकडे, बहीण दुसरीकडे, करणार काय बिचारा!

२२ मार्च, रविवार

नणंद जेवायला आली. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात, जरी दारातून आत येताना ती मान वाकवते.

वाढता वाढता म्हणाली, "वहिनी, टेकडीवर शिकवणी चालू आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अख्ख्या क्लबला दिसतं. माझी आई खुर्ची टाकून बसते." मग आईकडे वळून — "माझ्यासाठी कधी बसली नाहीस."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तूच येऊ नकोस म्हणालीस."

"का म्हणाले ते आठवतंय ना?"

मला ठाऊक आहे. नवऱ्याने सांगितलं होतं. चिमणी कॉलेजात असताना सासूबाईंनी चार लोकांसमोर तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि "मनगट असं नाही, किती वेळा सांगायचं" म्हणून स्वतः मारून दाखवलं. लोक हसले. त्या दिवसापासून ती एकटीच सराव करते. सरावाच्या मैदानावर, हिरव्या चटईवर. अगदी सपाट.

"आठवतंय," सासूबाई म्हणाल्या. "भात घे."

चिमणीने भात घेतला नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ये तू फायनलला. वाट बघते." हसत म्हणाली, पण हात जड होता.

२३ मार्च

टेकडीवर विचारलं, "आई, स्वतःच्या लेकीविरुद्ध मला का तयार करताय?"

"तू विचारलंस. तिनं नाही विचारलं."

मला हे उत्तर पटलंही आणि नाहीही. चेंडू मात्र आज छान जात होते.

२ एप्रिल, गुरुवार

सगळ्यात अवघड आज झालं. उतरणीवरचा चेंडू, तोही पायांपेक्षा खाली. पुढे तोंड करून घसरगुंडीवर उभं राहायचं आणि शिवाय खाली वाकायचंही. प्रत्येक वेळी मी मारता मारता उठत होते आणि काठी चेंडूच्या डोक्यावरून जात होती.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. काठीचा आधार घेत वर आल्या, माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी माझी कंबर धरली.

"गुडघे मोड. वजन खालच्या पायावर. आता उठायचं नाही, मी धरलंय."

मारला. बुटका, वेगात, थोडा उजवीकडे. पण स्वच्छ.

"उतार जिकडे जातो तिकडे काठी जाऊ दे. मारल्यावर दोन पावलं पुढे पडली तरी चालेल. पडायची लाज वाटली की शॉट बिघडतो."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला असं धरलं नव्हतं कधी.

११ एप्रिल

सेमीफायनल जिंकले. समोर क्लबच्या सेक्रेटरीणबाई होत्या. सहज. तसंच होणार होतं.

१९ एप्रिल, रविवार

बूटही न काढता लिहायला बसले.

फायनल एकेका होलची होती. जी कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालेल, तो होल तिचा. चिमणी जोरात होती. तिचे चेंडू माझ्या डोक्यावरून जात होते, मी मागून गाठत होते. शेवटून दुसऱ्या होलपर्यंत ती एकाने पुढे.

तिथे तिचा चेंडू चढाच्या कुशीत बसला, पायांपेक्षा वर. मी दुरून बघत होते. ती वाकली, नेहमीसारखी, चटईवर उभी असल्यासारखी. नेम सरळ. मला ओरडून सांगावंसं वाटलं — ताठ हो, उजवीकडे धर. स्पर्धा आहे, सांगता येत नाही. चेंडू डावीकडे झुडपात गेला. बरोबरी.

शेवटचा होल. तिचा दुसरा फटका ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पण पार टोकाला. माझा चेंडू उतरणीवर, पायांपेक्षा खाली, पुढे तळं. नशिबाला हसू आलं असणार. मला मात्र भीती वाटली नाही. खरंच नाही. पाय आपोआप जागा शोधत होते. छोटी काठी घेतली, खळग्यातल्या झेंड्याच्या डावीकडे नेम, वजन खाली. मारला आणि दोन पावलं नाही, चांगली चार पावलं धडपडत खाली गेले. चेंडू तळ्यावरून बुटका निघाला, पलीकडे टप्पा घेतला आणि पळत पळत झेंड्यापाशी थांबला.

तिथून खळग्यात घालायला तिला दोन फटके लागले. मला एक.

चिमणीने हात मिळवला, डोळ्यांत न बघता. सासूबाई तिच्याकडे गेल्या, तर ती बूट बदलायला निघून गेली. मग त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डोकं लवकर वर काढलंस." आणि माझ्या हाताला क्षणभर धरून राहिल्या.

२० एप्रिल

चषक जेवणाच्या टेबलावर. नवरा म्हणतो, चकाकतो फार, खिडकीला पडदा लाव. मी खूश आहे. थोडी कमी, जेवढी असायला हवी त्यापेक्षा. चिमणी फोन उचलत नाही.

२६ एप्रिल, रविवार

चिमणी आली. दारातच म्हणाली, "वहिनी, मला टेकडीवर शिकवशील?"

"मी? आईंना सांग ना."

"आईनंच पाठवलंय तुझ्याकडे. काल घरी येऊन सांगून गेली."

स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पाठमोऱ्या, ओट्यापाशी. "माझ्याकडून ती कधीच शिकली नसती," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून शिकेल. म्हणून तर तुला शिकवलं." मग जरा थांबून — "तू जिंकशील हे मात्र मी धरलं नव्हतं."